गुडघा वाजेल तेव्हा

सर्जेराव खराडे बावीस वर्षं अहमदाबादच्या विमानतळावर होते,
आता तासगावात पतसंस्थेच्या दारात बसतात.
रविवारी त्यांना सुट्टी,
म्हणून रविवारी माझी तालीम.

अंगणात बेदाण्याचं रिकामं क्रेट, तो तिथला ट्रे.
सुतारानं अजून न बसवलेली दाराची चौकट
भिंतीपासून हातभर पुढं उभी केलेली,
ती यंत्राची कमान.
आणि सर्जेरावांच्या हातात लाटणं.
"लवकर आटपा हो, चपात्या खोळंबल्यात,"
आतून वहिनी.

"चपला काढा म्हटलं तर काढा.
नाही म्हटलं तर राहू द्या, देऊळ नव्हं ते.
हसू नका. रडूही नका.
आणि त्याच्याकडं बघा, पण टक लावून नको."

मी चौकटीतून जाते.
सर्जेराव तोंडानं 'टीं' करतात.
मिरजेत बसवलेला डावा गुडघा,
तो वाजणारच.
"बोला."
ऑपरेशन. डॉक्टरचा कागद आहे.
"हिंदीत."
घुटना... घुटना लोखंड का है.
आत वहिनी हसतात, भांडं पडतं.

पुढचं टेबल, दुसरा साहेब.
तेही सर्जेरावच, फक्त टोपी काढून.
"कशाला चाललाय?"
लेकीकडं. पहिलटकरीण आहे, सातवा सरलाय,
जावई गुणाचा आहे पण दिवसभर कामावर,
आणि तिला लहानपणी कावीळ झाली होती तेव्हापासून...
"बाई.
विचारलं तेवढंच.
लेकीकडं. झालं."

"किती दिवस?"
इथं मी दर रविवारी अडते.
लेकीकडं किती दिवस,
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
बाळानं मान धरेपर्यंत, म्हणू?
"तिकिटावर तारीख आहे. तारीख सांगा."

"बॅगेत काय?"
मेतकूट. डिंकाचे लाडू. बेदाणा. हळद.
"हळद कसली?"
कसली म्हणजे? सांगलीची.
"त्याला काय ठावं सांगली?
त्याला पिवळी पूड दिसती.
छापील पाकिटातली घ्या.
आणि त्यानं उघडली, सांडली,
तर कपाळाला हात लावायचा नाही."

तिसऱ्या रविवारी मीच विचारलं,
तुम्हाला कधी राग यायचा का हो, लोकांचा?
लाटणं त्यांनी क्रेटमध्ये ठेवलं, जपून,
जसं कुणा प्रवाशाचंच असावं.

"एक म्हातारा होता.
खिशात कुलूप. भलंमोठं, पितळी.
म्हटलं, हे कशाला आणलं?
खिसा चाचपत बसला.
मग म्हणाला, साहेब, दाराला लावायचंच राहिलं.
मागं रांग होती.
म्हटलं, पुढं चला.
नंतर दोन महिने
मला त्याचं दार दिसायचं. उघडं."

त्या दिवशी पुढची तालीम झाली नाही.
चहा झाला.

खरं होतं ते पाच मिनिटांत उरकलं.
काचेमागं कोवळा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
त्यानं विचारलं तेवढंच मी सांगितलं,
तारखेसकट.
पुढं गुडघा वाजला, कागद दाखवला,
एका ताईनं हात फिरवला, हलकाच,
तिचे हात गार होते. मी बोलले नाही.
हळद कुणी उघडलीच नाही.
मला थोडं वाईटच वाटलं.

परत आले त्या सोमवारी
पतसंस्थेत पेन्शनचं पासबुक भरायला गेले.
दारात सर्जेराव, गणवेशात. मागं चार माणसं.
"पिशवी दाखवा."
दाखवली. त्यांच्यासाठी आणलेला चॉकलेटचा डबा
वरच होता. त्यांनी हात लावला नाही.
"किती दिवस राहिलाय?"
तारीख होती तेवढे.
"बरोबर," ते म्हणाले,
आणि बाजूला झाले.

त्या दाराला यंत्र नाही.
मी उंबरा ओलांडला, आधी उजवा पाय, मग डावा,
तेव्हा मागनं, रांगेला ऐकू जाणार नाही
इतकं हळू,
'टीं.'